एका रात्रीपुरते साठ वेटर : हॉटेलातल्या कॅज्युअल स्टाफचं गणित

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड थोडा साफसूफ करून इथे लिहून देतोय.

आजचा विषय तुम्ही शंभर वेळा पाहिलाय, पण लक्ष दिलं नसेल. मोठ्या हॉटेलात रिसेप्शन असतं. काळी पँट, पांढरा शर्ट, बो घातलेली पोरं ट्रे घेऊन फिरत असतात. त्यातली बरीचशी त्या हॉटेलची नसतात. ती त्या रात्रीपुरती आलेली असतात. धंद्यात त्यांना ‘कॅज्युअल’ म्हणतात. हॉटेलबाहेर लॉनवर किंवा कोणाच्या बंगल्यावर काम असेल तर ते ‘ओडीसी’, म्हणजे आउटडोअर कॅटरिंग.

मी बीटेकला असताना पुण्यात दोन सीझन हे काम केलंय. आता सर्व्हर सांभाळतो. गंमत म्हणजे दोन्हीकडचा मूळ प्रश्न एकच आहे.

माणसं कायमची का ठेवत नाहीत?

कारण मागणी सपाट नसते. आपल्याकडे लग्नं मुहूर्तावर लागतात. चातुर्मासात जवळपास शुकशुकाट, तुळशीचं लग्न लागलं की एकदम झुंबड. त्यातही मुहूर्त ठरावीक तारखांना. म्हणजे एकाच शनिवारी शहरातला प्रत्येक हॉल भरलेला आणि पुढचे चार दिवस सगळे रिकामे.

आता आकडे बघा. बुफे असेल तर साधारण २० ते २५ पाहुण्यांमागे एक वेटर धरतात. टेबलावर बसवून वाढायचं असेल तर १० पाहुण्यांमागे एक. ६०० पाहुणे बसून जेवणार असतील तर ६० माणसं लागली. बँक्वेटमध्ये कायमचे १५ जण असले तर उरलेले ४५ आणायचे कुठून? कायमचे ठेवले तर मंगळवारी ते काय करणार?

आम्ही आयटीवाले यालाच ऑटोस्केलिंग म्हणतो. सेलच्या दिवशी वेबसाइटवर गर्दी झाली की क्लाउडवर जास्तीचे सर्व्हर घ्यायचे, गर्दी ओसरली की सोडून द्यायचे. गोव्यात हेच महिन्यांच्या हिशोबाने चालतं. किनाऱ्यावरचे शॅक पावसाळ्यात बंद होतात. मग तिथली कितीतरी पोरं उन्हाळ्यात मनालीकडे कामाला जातात आणि ऑक्टोबरच्या आसपास परत येतात.

पण माणूस म्हणजे सर्व्हर नव्हे

पहिला फरक. सर्व्हर सुरू केला की त्यात सगळं आधीच भरलेलं असतं. नव्या पोराला मात्र किचन कुठे, जिना कुठे, शेंगदाणा कशात आहे, जैन जेवण कोणत्या काउंटरला, हे सांगावं लागतं. म्हणून कामाआधीची १५ मिनिटांची ब्रीफिंग हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त विमा आहे. चांगली हॉटेलं तेवढ्यावर थांबत नाहीत. शक्यतो तीच तीच माणसं पुन्हा बोलावतात, प्रत्येक चार-पाच नव्यांमागे एक जुना लावतात आणि बिलिंग किंवा बार नव्यांच्या हातात देत नाहीत. शिवाय अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. एका रात्रीसाठी आला म्हणून कोणाला त्यातून सूट नाही.

दुसरा फरक. सर्व्हर बंद केला की विषय संपला. पण रात्री दीड वाजता काम सुटलेल्या मुलाला घरी जायचं असतं. शेवटची लोकल गेलेली, रिक्षावाला दुप्पट मागतो, म्हणजे कमाईचा एक तुकडा तिथेच गेला. म्हणून काम घेताना पैशाइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो, ‘ड्रॉप आहे का?’

पैसे जातात कुठे?

समजा, एका शिफ्टची मजुरी ८०० रुपये ठरली. हा आकडा फक्त गणितासाठी घेतलाय. कंत्राटदार पीएफ आणि ईएसआयच्या कक्षेत असेल तर हिशोब असा:

- तुमच्याकडून पीएफ १२ टक्के, म्हणजे ९६ रुपये, आणि ईएसआय ०.७५ टक्के, म्हणजे ६ रुपये. हातात ६९८.
- कंत्राटदाराने वरून घालायचे: पीएफ ९६, ईएसआय ३.२५ टक्क्यांनी २६. त्याचा खर्च ९२२.
- त्यावर त्याचं कमिशन १० टक्के धरलं तर साधारण १,०१४.
- माणसं पुरवण्याच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी. बिल झालं जवळपास १,२००.

म्हणजे हॉटेल १,२०० देतं आणि तुम्हाला ६९८ मिळतात. यात फसवणूक नाही, हा सरळ मार्गाचा हिशोब आहे. तुमचे १०२ आणि कंत्राटदाराचे १२२ तुमच्याच नावावर जमा व्हायला हवेत. पीएफ ही तुमची बचत. ईएसआयमुळे काम करताना हात भाजला तर उपचार मिळतात. घोटाळा होतो तो पुढे. कापलेले पैसे भरलेच जात नाहीत, किंवा सगळा व्यवहार रोखीत होतो आणि तुम्ही त्या रात्री तिथे होता याचा पुरावाच राहत नाही.

आमच्या एका कंत्राटदाराने तीन शिफ्टचे पैसे दीड महिना लटकवले होते. आमच्यातला एक जण रोज निघताना हजेरीच्या वहीचा फोटो काढायचा. आम्ही त्याला हसायचो. शेवटी त्याच फोटोंवरून सगळ्यांचा हिशोब निघाला आणि पैसे सुटले.

कायदा काय म्हणतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. आपल्या कामाच्या तीनच गोष्टी सांगतो.

एक. नव्या संहितेत ५० किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तिथे कंत्राटी कामाचे नियम लागतात. मुख्य कामासाठी कंत्राटी माणसं घेता येत नाहीत. एखाद्या कारखान्यातलं कँटीन हे मुख्य काम धरत नाहीत, पण हॉटेल उघडलेलंच जेवण वाढायला, त्यामुळे तिथे ते मुख्य ठरतं. मग कॅज्युअल कसे चालतात? कायद्यानेच सवलत ठेवलीय: काम अचानक वाढलं आणि ते ठरावीक वेळेत उरकायचं असेल तर चालतं. लग्नाचा शनिवार यात बसतो. पण बाराही महिने रोज तीच माणसं ‘कॅज्युअल’ म्हणून राबवली, तर ‘अचानक’ म्हणता येणं अवघड आहे.

दोन. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे इथे हॉटेलवर येते. हे तत्त्व १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय.

तीन. ठरावीक मुदतीच्या करारावर, म्हणजे फिक्स्ड टर्मवर, थेट हॉटेलने घेतलं असेल तर एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. आधी त्यासाठी साधारणपणे पाच वर्षं लागायची. त्यामुळे लांबचा सीझन करणार असाल तर ‘कॅज्युअल की फिक्स्ड टर्म?’ हे आधीच विचारा.

मग तुम्ही काय करायचं?

काम घेण्याआधी व्हॉट्सॲपवर चार गोष्टी लिहून मागा: रेट किती, किती तासांचा, जेवण आणि ड्रॉप आहे का, पैसे कोणत्या तारखेला. उत्तर आलं की तोच तुमचा पुरावा. हजेरीचा फोटो काढा. पीएफ कापत असतील तर प्रत्येक कंत्राटदाराला तोच एक यूएएन द्या, नाहीतर पैसे वेगवेगळ्या खात्यांत विखुरतात. महिन्यातून एकदा उमंग ॲपवर पासबुक उघडून बघा. पैसे यूपीआयने किंवा खात्यात मागा.

आणि तुम्ही पाहुणे असाल तर? ट्रेमधून ग्लास उचलताना एक ‘थँक्यू’ म्हणा. तो पोरगा संध्याकाळी चारपासून उभा आहे आणि बहुतेक सगळ्यांच्या शेवटी जेवणार आहे.

तुमच्यापैकी कोणी हे काम करत असेल तर तुमच्या शहरात शिफ्टचा रेट काय चाललाय, ते व्हॉइस नोटने कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यावर बोलू. भेटू मग!