नकाशात आपले घर कुठे आहे?

घर घेताना आपण पाण्याची वेळ विचारतो, शेजार पाहतो, मशीद आणि मुलांची शाळा किती लांब आहे ते पाहतो. त्या जागेवर कसले आरक्षण आहे का, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. पुढे रस्ता रुंदीकरणाची नोटीस आली की धावपळ सुरू होते.

शहरात घरे, बाजार, दवाखाना, मैदान, कब्रस्तान कुठे असावे हे विकास आराखड्यात ठरते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्यावर नियोजन समितीपुढे सुनावणी होते.

हरकतींना वजन असते. मुंबईचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. लोकांनी त्यातील चुका दाखवल्या, हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्येच राज्य सरकारला तो दुरुस्त करण्याचा आदेश द्यावा लागला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला.

म्हणून आम्ही वाचकांना सांगतो, आपल्या शहराचा मसुदा लागला की नकाशा पाहायला जा; घरातील स्त्रियांनीही जावे. नाव, पत्ता, सिटी सर्व्हे नंबर, काय चुकले आणि काय हवे, एवढे कागदावर लिहा. मुदतीत अर्ज द्या, पोच घ्या.

मुलांना खेळायला जागा नाही, मुलींची शाळा लांब आहे, असे आपण घरात रोज बोलतो. तेच एकदा महापालिकेला लिहून द्यायला हवे.