गावाच्या नावाचा अर्थ शोधताना

गोंदिया हे नाव कशावरून पडले? याची दोन उत्तरे सांगितली जातात. एक, जंगलातला गोंद, म्हणजे डिंक, इथल्या बाजारात येत असे. दुसरे, हा गोंड लोकांचा मुलूख. हे दोन शब्द रोमन लिपीत लिहिले तर अगदी सारखे दिसतात, कारण तिथे 'द' आणि 'ड' एकाच अक्षराने लिहितात. देवनागरीत फरक लगेच कळतो. नावात 'द' आहे. तेव्हा दुसरे उत्तर देणाऱ्याला 'ड'चा 'द' कसा झाला हे दाखवावे लागेल. पण पहिल्याचेही काम संपत नाही. नुसत्या साम्याने काही सिद्ध होत नाही. जुन्या कागदांत नाव कसे लिहिले आहे, हे दोघांनाही पाहावे लागेल. १ मे १९९९ पूर्वी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, म्हणून हे कागद भंडाऱ्याच्या दप्तरात शोधायचे.

थोडक्यात, आधी उच्चार, मग अर्थ. आणि उच्चार हरवतो तो बहुधा लिहिताना. तिरोडा या नावातला 'ड' रोमन लिपीत 'आर' या अक्षराने लिहितात. परका माणूस ते 'तिरोरा' असे वाचतो. चोरखमारा तलावाचे 'चोरखामरा' व्हायलाही वेळ लागत नाही, कारण ऱ्हस्व-दीर्घाचा भेद रोमन लिपीत दिसत नाही.

हा अनुभव जगभरचा आहे. आयर्लंडमध्ये १८२४ पासून सरकारी मोजणी झाली, तेव्हा तिथली गेलिक नावे नकाशांवर इंग्रजी वळणाने लिहिली गेली. त्याच मोजणीत जॉन ओ'डोनोव्हन हे अभ्यासक गावोगाव हिंडले, गेलिक बोलणाऱ्यांना नावे विचारली आणि टिपून ठेवली. पुढे १८४५ पासूनच्या दुष्काळात ती भाषा बोलणारे झपाट्याने घटले. त्या वह्या राहिल्या, म्हणून आज अनेक नावांचा उलगडा होतो.

आपल्याकडे अशा कामासाठी मराठीबरोबर गोंडीही हवी. गोंडीत आंबा म्हणजे मरका, पाणी म्हणजे येर, गाव म्हणजे नार. बोलीनुसार उच्चार थोडे बदलतात. हे शब्द ठाऊक नसले, तर गोंडी नावालाही आपण ओढूनताणून मराठी अर्थ चिकटवतो.

विद्यार्थ्यांना हे काम सहज देता येईल. गावाचे नाव नकाशावर असते. पण बोडी, नाला, टोला, शेताचा तुकडा यांची नावे पुष्कळदा फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतात. प्रत्येक नावासाठी वहीचे एक पान ठेवावे. ऐकू आले तसे नाव देवनागरीत लिहावे. सांगणाऱ्याचे वय आणि घरची भाषा नोंदवावी. त्या जागी पाणी, खडक, कोणते झाड आहे ते स्वतः जाऊन पाहावे. नावामागच्या गोष्टी दोन निघाल्या तर दोन्ही लिहाव्यात; निवड करण्याची घाई नको. अर्थ उद्या कोणीही शोधील. उच्चार मात्र सांगणारा माणूस आहे तोवरच मिळेल.