नाचणी की बांगडा? हजारो वर्षांपूर्वीचे जेवण हाडांवरून कसे कळते

मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती कोरणारी माणसे खात काय होती? याचे उत्तर कातळात नाही, हाडांत असते.

कार्बनचे दोन स्थिर समस्थानिक आहेत : कार्बन-१२ आणि किंचित जड कार्बन-१३. भातापेक्षा नाचणी, ज्वारी, बाजरीत कार्बन-१३ जास्त असतो. खाणाऱ्याच्या हाडातील कोलॅजेन या प्रथिनात तोच फरक उतरतो.

किनाऱ्यावर मात्र गोची होते. समुद्री माशांतही कार्बन-१३ जास्त. म्हणजे नुसत्या कार्बनवरून रोज बांगडा खाणारा आणि रोज नाचणीची भाकरी खाणारा वेगळे ओळखता येत नाहीत! तिथे नायट्रोजन-१५ मदतीला येतो. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर तो वाढतो आणि समुद्रातली साखळी लांब असते.

माणूस वाढला कुठे, हे दाताच्या एनॅमलमधील स्ट्रॉन्शियम सांगते. एनॅमल लहानपणी बनते, नंतर बदलत नाही. घाटावरचा बेसाल्ट आणि दक्षिण सिंधुदुर्गातील त्याहून प्राचीन खडक यांची स्ट्रॉन्शियमची खूण निराळी असते.

पुणे जिल्ह्यातील इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात (१९६८-८३) घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली मुले सापडली. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत, कोकणच्या पावसात हाडे अशी टिकत नाहीत; कोलॅजेन तर आधी जाते. एनॅमल चिवट, पण त्यातला नायट्रोजन अत्यल्प. तो मोजण्याची पद्धत आता आली आहे. जर्मनीतील मॅक्स प्लँक रसायनशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ३० लाख वर्षांहून जुन्या दातांवर ती वापरली. कोकणात त्यासाठी एखादा दात सापडला, तरी सुरुवात होईल.