तीन मिलिमीटरचा बाक

दुकानात पोटमाळा घालायचा आहे. खाली तीन मीटर उंचीचा एक पोलादी खांब लागणार आणि फॅब्रिकेटरकडे दोनशेचा आय-बीम पडून आहे. तो उभा केला तर किती वजन पेलेल?

भोळा हिशेब सोपा आहे. पोलादाच्या कोष्टकात या आयएसएमबी २०० बीमच्या छेदाचे क्षेत्रफळ ३२.३३ चौरस सेंटिमीटर दिले आहे. नेहमीच्या वापरातले पोलाद दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन दाब येईपर्यंत दबत नाही. गुणाकार केला की ८०८ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ८२ टन येतात. एवढ्या ताकदीत पोटमाळाच काय, वरचे दोन मजलेही निघून जातील असे कुणालाही वाटेल.

प्रत्यक्षात हा खांब ३३ टनांच्या पुढे जाऊच शकत नाही. पोलाद दबण्याची वेळच येत नाही, त्याच्या कितीतरी आधी खांब मधोमध बाजूला फुगतो आणि फुगतच जातो. यालाच बकलिंग म्हणतात. खराट्याची लांब हीर उभी धरून वरून दाबली की ती लगेच बाकते. तिचाच बोटभर तुकडा तोडून दाबा, तो बोटाला टोचेल पण बाकणार नाही. काडी तीच, ताकद मात्र लांबीने ठरली.

डच शास्त्रज्ञ मुशेनब्रूकने १७२९ मध्ये लाकडी दांडे दाबून हेच मोजले होते: लांबी दुप्पट केली की ताकद चौथाईवर येते. त्यामागचे गणित १७४४ मध्ये लिओनार्ड ऑयलरने मांडले. त्याच्या सूत्रात π (पाय) या संख्येचा वर्ग, पोलादाचा ताठपणा आणि छेदाची मांडणी यांचा गुणाकार करायचा आणि त्याला लांबीच्या वर्गाने भागायचे, एवढेच आहे. वरचे ३३ टन त्यातूनच आले. पोलाद किती दाबाला दबते, हा आकडा त्यात कुठेच नाही! मला हे सूत्र आवडते ते याचसाठी. जे त्यात नाही, तेच त्याचे म्हणणे आहे.

छेदाची मांडणी म्हणजे धातू मध्यरेषेपासून किती लांब पसरला आहे, हे. आपल्या बीमसाठी कोष्टकात त्याचे दोन आकडे मिळतात. वेबच्या (मधल्या उभ्या पट्टीच्या) दिशेने वाकवायचे तर २२३५, फ्लँजच्या (दोन्ही कडांच्या आडव्या पट्ट्यांच्या) रुंदीच्या दिशेने फक्त १५०. एका बाजूने पंधरापट ताठ असलेला हा गडी दुसऱ्या बाजूने लेचापेचा आहे, आणि बकलिंगला कमजोर बाजू बरोबर सापडते. एकट्या उभ्या खांबाला गोल किंवा चौकोनी पाइप बरा पडतो, तो यामुळे.

ऑयलरचे सूत्र छापून शंभर वर्षे झाली तरी बांधकामवाले त्याच्याकडे फारसे वळले नव्हते. त्यांचे खांब जाडजूड आणि बुटके असत, तिथे उत्तर जुळत नसे. शिवाय हे सूत्र काटेकोर सरळ खांबासाठी आहे, आणि तसा खांब कुठल्याच गिरणीतून बाहेर पडत नाही. लाटलेल्या बीममध्ये थोडा बाक असतोच. भर म्हणून फ्लँजच्या कडा आधी थंड होतात आणि मधला भाग मागाहून, त्यामुळे बीम यार्डात नुसता पडलेला असतानाही त्या कडांमध्ये दाब साठलेला असतो. खांबावर भार आला की या कडा सगळ्यांच्या आधी हार मानतात.

मग खांब मुळातच वाकडा धरून हिशेब का करू नये? एर्टन आणि पेरी या जोडीने १८८६ मध्ये तेच केले, आणि १९२५ मध्ये रॉबर्टसनने त्याला प्रयोगांची जोड दिली. पुढे युरोपात हजाराहून अधिक खांब प्रत्यक्ष दाबून पाहिले गेले, त्यातून निरनिराळ्या छेदांसाठी निरनिराळे वक्र निघाले. गणितात धरलेला सुरुवातीचा बाक असतो लांबीचा हजारावा भाग. आपल्या खांबाला तीन मिलिमीटर. भारतीय मानक आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत अ, ब, क, ड असे जे चार वर्ग आहेत, ते याच परंपरेतले.

आता खरा हिशेब. कमजोर दिशेने खांबाचा सडपातळपणा (लांबी आणि छेदाची मांडणी यांवरून काढलेले गुणोत्तर) येतो १४०. मानकाची मर्यादा १८०, म्हणजे आपण आत आहोत. वर्ग ब. सूत्रात घातले की ताकद येते २३३ किलोन्यूटन, २४ टनांच्या जरा खाली. त्यातही येणारा भार दीडपट धरायचा असतो, त्यामुळे रोजचे वजन १६ टनांच्या आतच ठेवायचे, तेही भार खांबाच्या बरोबर मध्यावर येत असेल तर. ८२ वरून सुरुवात केली होती.

“मग भारी पोलाद वापरू,” असे कुणीतरी म्हणतेच. २५० ऐवजी ३५० चे घ्या, चाळीस टक्के जास्त ताकदीचे. खांबाची ताकद वाढते अवघी पाच टक्के. पोलाद स्वस्त असो की महाग, त्याचा ताठपणा जवळपास तेवढाच राहतो, आणि सडपातळ खांबात सगळा खेळ ताठपणाचा आहे. त्यापेक्षा खांबाच्या मध्यावर, कमजोर दिशेने, एक आडवा अँगल पक्क्या भिंतीला किंवा ब्रेसिंगच्या चौकटीला बांधून द्या. त्या दिशेची लांबी निम्मी होते आणि ताकद २३३ वरून ५३९ किलोन्यूटनवर जाते. दोन-तीन मीटरच्या अँगलने जे साधले, ते महागड्या पोलादाला जमले नाही. चालू शेडमध्ये ‘मध्ये येतो’ म्हणून असा अँगल कापून काढणाऱ्याला हा आकडा जरूर दाखवावा.

टोकांचाही प्रश्न असतोच. खांब वर-खाली घट्ट धरलेला असेल तर शुद्ध गणितात त्याची लांबी निम्मी धरता येते. मानक मात्र ०.६५ पट धरायला सांगते, कारण पूर्ण घट्ट जोड कागदावरच असतो. खाली घट्ट आणि वर मोकळा असेल तर लांबी दुप्पट.

यातला प्रत्येक धडा कॅनडातल्या क्वेबेक पुलावर एकाच वेळी समोर आला. सेंट लॉरेन्स नदीवरच्या या पुलाचा मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फूट केला गेला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळेवर पुन्हा मांडला नाही. ऑगस्ट १९०७ मध्ये खालच्या बाजूच्या, दाब पेलणाऱ्या एका भागाचा बाक आठवडाभरात पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेलेला दिसला. हा बाक कारखान्यातूनच आला असावा, अशीही चर्चा झाली. जागेवरचा इंजिनिअर मॅक्लूर न्यूयॉर्कला, सल्लागार थिओडोर कूपर यांच्याकडे गेला. पुलावर आणखी भार टाकू नका, अशी तार कूपर यांनी २९ ऑगस्टला कंपनीच्या फिनिक्सव्हिलच्या कचेरीला केली. कामाच्या जागेवर ती वेळेत पोहोचली नाही. त्याच संध्याकाळी पूल कोसळला. वर ८६ माणसे होती, ७५ मेली. त्यांतले ३३ जण माँट्रियलजवळच्या काहनावाकी गावचे मोहॉक कामगार होते.

बाक आलेला तो भाग अखंड नव्हता. चार उभे पट्टे शेजारी-शेजारी ठेवून जाळीसारख्या अँगलांनी रिव्हेट मारून जोडले होते. चौकशी आयोगाने बोट ठेवले ते या जाळीवर. पट्ट्यांमध्ये पोलाद भरपूर होते, पण त्यांना एकजीव ठेवणारी जाळी किरकोळ होती. ती तुटल्यावर प्रत्येक पट्टा एकेकटा, सडपातळ खांब झाला.

दोन चॅनेल जोडून खांब करायचा झाला की आपल्याकडेही अशीच तिरकी जाळी मारतात, तिला लेसिंग म्हणतात. हिशेबाप्रमाणे लेसिंगवर उभा भार येतच नाही. तरीही आयएस ८०० सांगते की खांबावरच्या भाराच्या अडीच टक्के एवढे आडवे बल लेसिंगने पेललेच पाहिजे. खांबावर शंभर टन असतील तर अडीच टन. लेसिंगची पट्टी आणि तिचे वेल्डिंग त्या अडीच टनांसाठी तपासायचे.