पोरक्या मुलांचा पालक कोण ?

ज्याला आईबाप नाहींत तें मूल पोरकें, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः संरक्षणाची गरज असलेल्या मुलांपैकीं पुष्कळांची आई किंवा बाप हयात असतो. परंतु व्यसन, दारिद्र्य, असाध्य रोग, तुरुंगवास किंवा लोकनिंदेचें भय यांपैकीं एखादें संकट कोसळलें म्हणजे घर उभें असूनहि मूल उघड्यावर पडतें. म्हणून हा प्रश्न केवळ अन्नवस्त्राचा नाहीं. त्या मुलाबद्दल जाब कोणी द्यावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

अहमदनगर जिल्ह्यास, म्हणजेच २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यास, तो नवा नाहीं. हा अवर्षणाचा प्रदेश. १८९९-१९०० च्या दुष्काळांत पोरक्या झालेल्या मुलांना अमेरिकन मराठी मिशननें नगरांत आश्रय दिला व हातचे धंदे शिकविले. आजहि पाथर्डी, शेवगांव, जामखेड या भागांतून कुटुंबें ऊसतोडीसाठीं बाहेर पडतात. मूल बरोबर नेलें तर शाळा सुटते. मागें ठेवलें तर थकलेल्या आजीखेरीज त्याला आधार नसतो. वयांत येणाऱ्या मुलीची काळजी नको म्हणून तिचें लग्न अकालीं उरकून टाकण्याचा मोह आईबापांना होतो, तो यामुळेंच.

याच नगर शहरांत १९८९ सालीं गिरीश कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्नेहालय ही संस्था सुरू केली. तिचें कार्य देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांपासून आरंभलें. या मुलांना आया होत्या, मायाहि होती; परंतु रात्र पडली कीं त्यांना सुरक्षित जागा नसे. पुढें एच. आय. व्ही. बाधित मुलें, अत्याचारग्रस्त मुली व टाकून दिलेलीं अर्भकें यांच्याकडेहि संस्थेचें लक्ष गेलें. स्नेहांकुर हें तिचें केंद्र अशा अर्भकांना दत्तक घर मिळवून देतें.

दया असली तरी कायद्याचा आधार लागतोच. मुंबई इलाख्यांत मुलांचा पहिला स्वतंत्र कायदा १९२४ सालीं झाला. सध्यां २०१५ चा बाल न्याय अधिनियम लागू आहे. त्याप्रमाणें निराधार मूल सांपडल्यास, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आंत त्यास बालकल्याण समितीपुढें आणावें लागतें. समितींत अध्यक्ष व चार सदस्य असतात. त्यांपैकीं निदान एक स्त्री असावी लागते. समिति चौकशी करविते, मुलाचें म्हणणें ऐकते आणि मगच त्यानें कोठें राहावें हें ठरविते.

येथें एक तत्त्व ध्यानांत घेण्याजोगें आहे. संस्था हा शेवटचा उपाय होय. स्वच्छ अंथरूण व वेळेवर जेवण संस्था देऊं शकते. परंतु हें मूल माझें, असें म्हणणारें माणूस घरांतच सहज भेटतें. यास्तव आधीं मुलाच्या स्वतःच्या घरास टेकू द्यावा, तें न साधल्यास नातलग किंवा दुसरें कुटुंब शोधावें, असा क्रम आहे. २०२२ च्या मिशन वात्सल्य योजनेंत पात्र कुटुंबास एका मुलामागें दरमहा ४००० रुपये मिळण्याची तरतूद याच हेतूनें केलेली आहे.

अर्भकाविषयीं तर विशेष सावधगिरी हवी. संकटांत सांपडलेल्या मातेनें मूल परस्पर कोणाच्या ओटींत घालणें, किंवा एखाद्यानें दयेपोटीं तें घरीं नेऊन ठेवणें, बेकायदा आहे. कारण याच वाटेनें मुलांची विक्रीहि होते. माता समितीपुढें मूल सोंपवूं शकते, आणि तिला फेरविचारासाठीं साठ दिवसांची मुदत असते. अशा मुलाचें नांव वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास कायद्याची मनाई आहे. आज दिलेली सहानुभूति उद्यां त्याच्या कपाळीं डाग होऊन राहूं नये, हा त्यांतील हेतु.

सर्वांत अवघड दिवस पुढें येतो. अठरावें वर्ष पूर्ण होतांच बालगृहाचें दार मागें राहतें. घरांत वाढलेला मुलगा या वयांत चुकला तर परत घरीं येतो. बालगृहांतील मुलानें कोठें परतावें? त्यासाठीं एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यानें सांगितली आहे, आणि महाराष्ट्रानें २०१८ सालीं अनाथांना शिक्षण व नोकरींत एक टक्का आरक्षण दिलें. तरीहि खोली भाड्यानें देणारा घरमालक, काम शिकविणारा कारागीर व सणाला जेवावयास बोलावणारें घर हीं सरकारी ठरावानें निर्माण होत नाहींत.

संकटांतील मूल दिसल्यास १०९८ या क्रमांकावर दूरध्वनि करणें हें प्रत्येकाचें पहिलें कर्तव्य. त्यापुढचें कर्तव्य अधिक दीर्घ आहे : तें मूल मोठें झाल्यावर त्याचें कुळ न विचारतां त्याला आपल्यांत जागा देणें.