पहिले 512 बाइट

सर्व्हर सुरू होतो तेव्हा त्याची कार्यस्मृती रिकामी असते; कार्यप्रणाली कोठे आहे हे त्याला ठाऊक नसते. जुन्या सर्व्हरमध्ये मुख्य पटलावरील चिपेत साठविलेला 'बायॉस' हा छोटा प्रोग्राम प्रथम यंत्राची तपासणी करतो. नंतर तो हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह यांवरील पहिले 512 बाइट स्मृतीत आणून त्यांतील आज्ञांकडे सूत्रे सोपवितो. 1981 च्या आयबीएम पीसीपासून ही रीत चालत आली आहे. म्हणूनच कार्यप्रणालीच्या फायली ड्राइव्हवर नुसत्या उतरवून भागत नाही. त्यासाठी सिद्ध केलेली प्रतिमा पहिल्या बाइटपासून जशीच्या तशी लिहावी लागते. असे करताना ड्राइव्हवरील पूर्वीची माहिती नष्ट होते, हे ध्यानात ठेवावे.

पुढे आलेली 'यूईएफआय' पद्धत पहिल्या बाइटांवर विसंबत नाही. ती 'फॅट' पद्धतीने आखलेल्या विभागातील आरंभक फाइल शोधते. केवळ या पद्धतीसाठी तयार केलेल्या ड्राइव्हवरून जुना सर्व्हर सुरू होत नाही. पुष्कळदा यंत्रच निकामी झाले, असा समज होतो. वस्तुतः यंत्र धडधाकट असते. पहिली आज्ञा मात्र ते शोधते त्या जागी नसते.