पत्रिका जुळायलाच हवी!

दहावीनंतर लेकीने हट्ट धरला, "गेमिंगचा कॉम्प्युटर हवा. पण तयार नको, मीच जोडणार." भिशी नुकतीच लागली होती. फ्रिज पुढच्या वर्षी, म्हटलं. मायलेकी चंद्रपूरहून नागपूरला गेलो आणि सुटे भाग घेऊन आलो.

घरी सगळं मांडलं आणि पोर रडवेली झाली. "आई, रॅम बसूनच नाही राहिली!"

मदरबोर्ड एएम-५ सॉकेटचा. त्याला डीडीआर-५ रॅमच लागते. आम्ही स्वस्त म्हणून घेतली डीडीआर-४! दोन्हींच्या पिना २८८च, पण खाच वेगळ्या जागी. जोर लावला असता तर बोर्डच गेला असता.

मग तिने वहीत रीतसर 'पत्रिका' मांडली. प्रोसेसर आणि मदरबोर्डचं सॉकेट एकच हवं. ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये मावायला हवं. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॉटचं, रायझन ५ ७६०० प्रोसेसर नावाला ६५ वॉटचा, पण कामाला लागला की जास्त ओढतो. म्हणून पॉवर सप्लाय चांगल्या प्रतीचा, ५५० वॉटचा. आणि आमच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा कॅबिनेट पुढून जाळीचंच!

रॅम बदलून आणली. "आई, तू बसव. दोन्हीकडून सारखा दाब दे." टक् आवाज झाला. स्क्रीन उजळली.

फ्रिज जुनाच आहे. पण आता मैत्रिणी खरेदीला निघाल्या की आधी तिची वही मागतात!